यंदाची ओवाळणी हप्त्यांवर नको

दसरा उलटला की पाडव्याला तबकात काय टाकायचं, हा प्रश्न बऱ्याच नवऱ्यांच्या डोक्यात घोळायला लागतो. बोनस अजून हातात यायचा असतो, आणि आला तरी त्याला आधीच वाटा फुटलेल्या असतात: मुलांच्या क्लासची फी, गावी पाठवायचे पैसे, फराळाचं सामान, घराचा हप्ता. त्यात सराफांच्या पानभर जाहिराती रोज सांगत असतात की पाडवा साडेतीन मुहूर्तांपैकी एक, आज सोनं घ्यायलाच हवं. सोन्याचा तोळ्याचा भाव तर लाखाच्या पलीकडे गेलेला. मग शेवटच्या संध्याकाळी माणूस घाईघाईत दुकानात शिरतो, समोर दिसेल ते हप्त्यांवर उचलतो आणि मार्चपर्यंत ते फेडत बसतो.

यंदा असं करू नका, एवढंच या लेखाचं सांगणं आहे. दोन हजारांत, पाचशेत, काही वेळा तर एक पैसाही न घालता चांगली ओवाळणी देता येते. त्यासाठी मात्र पाडव्याच्या आधी पंधरा-वीस दिवस डोळे उघडे ठेवून घरात वावरावं लागतं. पाडव्याला ओवाळून घेणारे नवरे असतात म्हणून हे आधी त्यांच्यासाठी लिहिलं आहे. बायकांनीही वाचावं, शेवटी त्यांच्याकडेही दोन मागण्या आहेत. आणि निमित्त पाडव्याचंच हवं असंही नाही. लग्नाचा वाढदिवस असो की तिचा वाढदिवस, हिशेब तोच.

आधी हप्त्याचा हिशेब

क्रेडिट कार्डावर वीस हजारांची वस्तू घेतली आणि बिल थकलं असं धरा. महिन्याला साडेतीन टक्के व्याज लागलं तर ७०० रुपये झाले. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी १२६. तुम्ही महिन्याअखेरीस हजार रुपये भरलेत, तर मुद्दलातून कमी झाले फक्त १७४ रुपये. या चालीने ती वस्तू जुनी होईल, मोडेल, तरी कर्ज उभंच राहील.

‘नो कॉस्ट ईएमआय’ या पाटीलाही भुलू नका. व्याज कुठे जात नाही. रोखीत घेणाऱ्याला जी सवलत मिळाली असती तिच्यात ते वळतं केलेलं असतं, नाहीतर किमतीत आधीच मिसळलेलं असतं. वर प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी निराळा. शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना लेखी बजावलं होतं. ग्राहकाने तेवढं तरी लक्षात ठेवावं.

आणि हे हप्ते फेडतं कोण? बहुतेक घरांत पैसा एकाच गल्ल्यातून येतो-जातो. कमाई तुमची असो, तिची असो की दोघांची, जानेवारीत हात आखडता घेऊन भाजी-दुधाचा मेळ घालायची वेळ तिच्यावरच येते. म्हणजे ओवाळणी घातली तुम्ही आणि फेडली तिने. असली भेट न दिलेली बरी.

घराला लागणारं ते घरखर्चातून

दुसरी चूक तितकीच सर्रास होते. पाडव्याला मिक्सर येतो, कुकर येतो, चार शेगड्यांचा गॅस येतो आणि वर लाल फीत बांधून तो ‘तुझ्यासाठी’ म्हणून पुढे केला जातो. मिक्सर बिघडला असेल तर तो आणायलाच हवा, पण पिठासाखरेसारखा घरखर्चातून आणा. चटणी खाणार सगळं घर आणि भेट म्हणे तिची! तिने हसून घेतला म्हणजे तिला आवडला असं समजू नका. नवरा पाडव्याला काहीतरी घेऊन आला, याला ती हसलेली असते.

ज्या भेटीतून टोमणा ऐकू येतो तीही टाळा. वजनाचा काटा, गोरेपणाचं क्रीम, ‘तीस दिवसांत सुग्रण व्हा’ छापाचं पुस्तक यांतलं काही ओवाळणी म्हणून देऊ नये. हेतू कितीही चांगला असला तरी तिला त्यात तुमची तक्रारच दिसेल.

घेताना एकच कसोटी लावा: ही वस्तू शेजारच्या वहिनींना दिली असती तरी चालली असती का? चालली असती, तर अजून शोधायला हवं. जी फक्त हिलाच देता येईल ती खरी भेट, आणि तशी शोधायची तर हिला नीट ओळखावं लागतं. लग्नाला वीस वर्षं झाली म्हणजे ओळख झाली, असं नव्हे.

बघायचं काय?

ती रोज कुठे अडते ते बघा. आमच्या गल्लीत एक बाई ब्लाऊज शिवतात. वय पंचेचाळिशीच्या पुढे. मशीनच्या सुईत दोरा ओवायचा म्हटलं की त्या धाकट्या मुलाला हाक मारायच्या. तो खेळायला गेलेला असला तर दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं करायचं, मान मागे न्यायची, एक डोळा बारीक करायचा आणि सुईच्या अलीकडे-पलीकडे दोरा टोचत राहायचं. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याची हातशिलाई आली की ‘उद्या उजेडात करीन’ म्हणून ते ब्लाऊज बाजूला पडायचं. गिऱ्हाईक खोळंबायचं. नवरा रिक्षा चालवतो. दुपारी जेवायला घरी आला की हे सगळं त्याच्या नजरेसमोर चालायचं. पाडव्याच्या आधी तो एका संध्याकाळी ‘चल, चौकातून जाऊन येऊ’ म्हणाला आणि तिला थेट चष्म्याच्या दुकानात घेऊन गेला. नंबर काढला, चाळिशीचा चष्मा करायला टाकला. काड्या आणि काचा मिळून हजाराच्या आत काम झालं. आता त्या बाई गिऱ्हाईकासमोर एका दमात दोरा ओवतात आणि वर सांगतात, ‘यांनी पाडव्याला दिला.’

त्या नवऱ्याने काही मोठी युक्ती लढवली नाही. रोज दिसणारी गोष्ट त्याने मनावर घेतली. तुमच्याही घरात असं काहीतरी असणार. पावसाळ्यात गळणारी पर्स, अंगठा तुटलेली आणि मोच्याकडे दोनदा जाऊन आलेली चप्पल, लोकलमध्ये खांद्याला काचणारा बॅगेचा पट्टा, रात्री पाठ टेकून वाचायला नीट उजेड नसणं. ती त्याबद्दल भांडत नाही, ‘जाऊ दे, चालतंय’ म्हणते. हे ‘जाऊ दे’ कान देऊन ऐका.

ती दुकानात काय हातात घेते आणि किमतीची चिठ्ठी उलटून पाहून काय परत ठेवते, तेही बघा. बायका हे इतक्या सराईतपणे करतात की बरोबर उभ्या असलेल्या माणसाला पत्ताही लागत नाही.

आणि लग्नाआधी ती काय करायची, ते आठवा. आठवत नसेल तर मेव्हण्याला विचारा. ती गात असेल, खो-खो खेळत असेल, कादंबऱ्यांचा फडशा पाडत असेल. वाचणारी असेल तर जवळच्या वाचनालयाची वर्षाची वर्गणी भरून तिच्या नावाचं कार्ड आणा. पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ पासून आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून. तालुक्याच्या गावीही एखादं सार्वजनिक वाचनालय असतं आणि त्याची वर्गणी सामान्य माणसाला झेपेल अशीच असते. शिवाय हे दिवस दिवाळी अंकांचे. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरात फराळाबरोबर अंक वाचायची रीत पडली. तिला आवडणारे दोन अंक आणा, आणि ते वाचायला तिला एक अख्खी दुपार मोकळी करून द्या. दुपार दिली नाहीत तर अंक फेब्रुवारीत रद्दीत जातील.

महागाचंच आवडतं, हा समज बहुधा देणाऱ्याच्या डोक्यातला असतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल अ‍ॅडम्स यांनी २००९ साली यावर अभ्यास प्रसिद्ध केला. लग्न ठरलेल्या जोडप्यांना त्यांनी अंगठीबद्दल विचारलं, पुढे इतरांना इतर भेटींबद्दल विचारलं. देणाऱ्यांना वाटत होतं की जितकी महाग भेट तितकं समोरच्याला अप्रूप. घेणाऱ्यांच्या उत्तरांत किमतीचा आणि आवडीचा तसा काही मेळ दिसला नाही. आपल्याकडच्या बायकांना विचारलं तर याहून वेगळं उत्तर येईल असं वाटत नाही.

जुनं नीट करून द्या

नवं घेण्याआधी घरात मोडून पडलेलं काय आहे ते पाहा. मंगळसूत्राचंच घ्या. ज्या दोऱ्यात काळे मणी ओवलेले असतात तो घामाने, तेलाने कुजत जातो. एक दिवस तुटतो. मग सेफ्टी पिन लावून काम भागवलं जातं आणि ती पिन महिनोन्महिने तशीच राहते. जुन्या बाजारपेठेत पटवेकरी अजून बसतात. तिला घेऊनच जा. पटवेकरी काळे मणी ताटलीत सोडवून घेतो, दोन वाट्या आणि सोन्याचे मणी तुमच्यासमोर मोजून बाजूला ठेवतो. नव्या दोऱ्याला पीळ देतो, त्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवून दोरा ताणतो आणि मणी सरसर ओवत येतो. तिला सर लांब हवा की आखूड, मणी एकपदरी की दोनपदरी, ते तिथेच सांगता येतं. सोन्याला हात लावायचा नाही, नवं काही घ्यायचं नाही, खर्च काय तो मजुरीचा. पण रोज गळ्यात असणारी वस्तू तिच्या मनासारखी होऊन येते. काम समोर बसून करून घ्या. सोनं डोळ्यांआड जाऊ देऊ नये, मग पटवेकरी कितीही ओळखीचा असो.

तिच्या आईच्या जुन्या सुती साड्या माहेरी ट्रंकेत पडून असतील. धुऊन धुऊन मऊ झालेल्या त्या साड्यांची गोधडी फार सुंदर होते. गोधड्या शिवणाऱ्या बायका गावोगावी आहेत, आता शहरांतही ऑर्डर घेतात. हाताने धावदोरा घालायचा तर वेळ लागतो, म्हणून निदान महिनाभर आधी साड्या द्या आणि सासूबाईंना विश्वासात घ्या. त्या तुम्हाला मदत करतीलच, वर जावयाचं गावभर कौतुक करतील.

आणखी एक गोष्ट. तुमच्या घरातल्या भिंतींकडे एकदा नजर टाका. तुमचे आजोबा, तुमचे आई-वडील फोटोत असतील, त्यांना हारही असेल. तिच्या आई-वडिलांचा फोटो आहे का? बऱ्याच घरांत नसतो. तिच्या भावाकडून एखादा जुना फोटो मिळवा. डाग पडलेला, कोपरा दुमडलेला असला तरी स्टुडिओवाले तो संगणकावर साफ करून देतात. मोठा करून, फ्रेम करून, तुमच्या आई-वडिलांच्या फोटोशेजारी, त्याच उंचीवर लावा. खर्च हजाराच्या आसपास. खिळा मात्र स्वतः ठोका.

तिचं नाव लावा

काही भेटींना पैसे जवळजवळ लागतच नाहीत, लागते ती दानत. दारावरच्या पाटीवर कुणाचं नाव आहे? फक्त तुमचं असेल तर नवी पाटी करून घ्या आणि तिचं पूर्ण नाव तुमच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत घाला. ‘सौ. व श्री.’ एवढ्यावर भागवू नका.

बँकेचं खातं, मुदत ठेव, विमा, भविष्य निर्वाह निधी, यांवर नॉमिनी म्हणून कुणाचं नाव आहे ते तपासा. लग्नाआधी काढलेल्या खात्यांवर बरेचदा आईचं किंवा भावाचं नाव तसंच राहून गेलेलं असतं. नॉमिनी बदलायचा ठरावीक अर्ज बँकेत मिळतो. आणि कोणता कागद कुठे आहे, कोणाकडे किती देणं-घेणं आहे, हे सगळं एका वहीत लिहून ती वही तिच्या हातात द्या.

शेतकरी असाल तर सातबारा काढून पाहा. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने नव्वदच्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली होती. जी बाई आयुष्यभर त्या जमिनीत राबते तिच्या नावावर नवऱ्याने आपणहून जमीन करावी, असं ते आवाहन होतं आणि हजारो शेतकऱ्यांनी ते ऐकलं. पुढे सरकारनेही याच नावाने सातबाऱ्यावर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय केली. तलाठ्याकडे जाऊन काय कागद लागतात ते विचारा. पाडव्याच्या दिवशी कचेरी बंद असेल. अर्ज आधी करा आणि त्याची पोच तबकात ठेवा. तोळाभर सोन्यापेक्षा ती पोच वजनदार ठरेल.

वेळ द्या, पण नेमका

‘आता मी तुला मदत करत जाईन’ असली मोघम वचनं पाडव्याला देऊ नका. ती भाऊबीजेपर्यंतही टिकत नाहीत. नेमकं काम घ्या आणि नेमकी मुदत सांगा. दिवाळीनंतर शाळा सुरू झाली की महिनाभर मुलांचे सकाळचे डबे मी करणार, ही उत्तम ओवाळणी आहे. अट एवढीच की ‘हिंग कुठंय, झाकण कुठंय, किती शिट्ट्या करू’ असं दर दोन मिनिटांनी तिला झोपेतून उठवून विचारायचं नाही. सगळं आधी बघून घ्या, दोन-चार भाज्या शिकून घ्या. ती सकाळी सातपर्यंत झोपली तर कुणी घरात ‘आज उशीर?’ म्हणणार नाही, याची जबाबदारीही तुमचीच.

बाहेर जायचं असेल तर एसटी आहे. मार्च २०२३ पासून राज्यात एसटीच्या सगळ्या गाड्यांना बायकांना अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून प्रवास मोफत. म्हणजे ती आणि तिची म्हातारी आई अशा दोघींना कोल्हापूर-पंढरपूर करून यायचं तर तिकीट फक्त एकीचं, तेही निम्मं. आईचं आधार कार्ड सोबत ठेवायला सांगा. या प्रवासात तुम्ही गेलंच पाहिजे असं नाही. उलट मायलेकींना दोन दिवस मोकळं सोडून घर आणि मुलं तुम्ही सांभाळलीत, तर तीच भेट. माहेरी गेली तरी लग्न, बारसं, आजारपण याच कामांना जाते. नुसतं आईबरोबर हिंडायला ती शेवटची कधी गेली होती, ते आठवून पाहा.

दोघांनी मिळून जायचं असेल तर नाटकाला जा. बाल्कनीतली तिकिटं खालच्या रांगांपेक्षा स्वस्त असतात आणि आवाज वरही चांगला येतो. मध्यंतरात बटाटेवडा खा, येताना गजरा घ्या. मुलांना कुणाकडे ठेवायचं, हे तिने ठरवायला लागू नये. ते ठरवून मगच तिकिटं काढा.

चार ओळी लिहा

भेट कोणतीही असो, तिच्यासोबत हाताने लिहिलेलं पत्र असू द्या. लाजू नका. सावित्रीबाई फुल्यांनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं आज आपल्याला वाचायला मिळतात: १८५६, १८६८ आणि १८७७ सालची. त्यांत लाडिक काही नाही. आजारपणात माहेरी असताना भावाशी झालेला वाद आहे, गावात घडलेली हकिगत आहे, दुष्काळात जुन्नरकडे पाहिलेले लोकांचे हाल आहेत. दोघांनी मिळून उचललेल्या कामाची एकीने दुसऱ्याला दिलेली खबर आहे. नवरा-बायकोच्या पत्राला याहून वेगळी भाषा लागत नाही.

तुम्हीही घडलेलंच लिहा. ‘तू फार चांगली आहेस’ हे मोघम झालं, ते कुणीही कुणालाही लिहील. ‘माझं काम सुटलं तेव्हा तू कुणाला न सांगता तुझी आरडी मोडलीस, हे मला नंतर पासबुकात दिसलं,’ हे फक्त तुम्हीच लिहू शकता. ‘बाबा दवाखान्यात होते तेव्हा रोज रात्री दुसऱ्या बसने तू डबा घेऊन यायचीस,’ हेही. असे दोन-तीन प्रसंग, त्यांत तिने काय केलं आणि ते तुमच्या लक्षात आहे, एवढं लिहिलंत की पत्र पुरं झालं. चार ओळींची दहा होतील, होऊ द्या. अक्षर वाईट असलं तरी टाईप करू नका.

कामासाठी परगावी असाल आणि पाडव्याला घरी पोहोचणार नसाल, तर पत्र टपालाने आठवडाभर आधी टाका. हौसच असेल तर टपाल खात्याची ‘माय स्टॅम्प’ योजना आहे. २०११ सालापासून ती चालू आहे. फोटो दिला की तो छापलेला खऱ्या तिकिटांचा ताव मोठ्या टपाल कार्यालयांत करून मिळतो. तिचा फोटो असलेलं तिकीट लावून आलेलं पाकीट पोस्टमननेही दोनदा पाहिलं तर नवल नाही.

दागिना किंवा साडीच द्यायची असेल तर

बऱ्याच घरांत पहिल्या पाडव्याला काहीतरी अंगावर घालायचं द्यावं अशी अपेक्षा असते, ती समजण्यासारखी आहे. फक्त फसू नका. ‘वन ग्राम गोल्ड’ म्हणून विकतात त्या दागिन्यात सोन्याचा नुसता मुलामा असतो. दिसायला छान असतो, जरूर घ्या, पण तो खोटा आहे हे तिला सांगून द्या. दुसऱ्या कुणाकडून कळलं तर दागिन्याबरोबर तुमचंही पाणी उतरेल.

खरं सोनं घेत असाल तर १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक बंधनकारक आहे आणि तो ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपमध्ये घालून तपासता येतो. मात्र दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तूंना या सक्तीतून सूट आहे आणि छोट्या खिशाला परवडणारी चमकी, बारीक कुड्या नेमक्या त्याच वजनाच्या असतात. म्हणून अशी वस्तू विश्वासाच्या सराफाकडून, वजन, शुद्धता आणि घडणावळ वेगवेगळी लिहिलेल्या पक्क्या बिलावर घ्या. लहान दागिन्यावर घडणावळ भारी पडते, त्यामुळे गुंतवणूक म्हणून याकडे बघू नका. तिला नाकात चमकी हवी होती, एवढं कारण पुरेसं आहे.

साडीचंही तसंच. हजार-दीड हजारात ‘पैठणी’ म्हणून मिळते ती यंत्रमागावरची असते. हातमागाच्या पैठणीचा पदर उलट बाजूनेही सुलट्यासारखाच स्वच्छ दिसतो आणि तिची किंमत आपल्या या हिशेबाच्या कितीतरी पुढे जाते. पैठणीची नक्कल घेण्यापेक्षा बागलकोटकडच्या गुळेदगुड्डचं अस्सल खणाचं कापड घ्या आणि तिच्याजवळच्या साध्या सुती साडीवर त्याचं ब्लाऊज शिवून द्या. मापाचं ब्लाऊज गुपचूप शिंप्याकडे नेलंत तर तिला पत्ताही लागणार नाही.

आता बायकांसाठी

पाडव्याला ओवाळणी एकाच बाजूने जाते, पण तुम्हीही त्याला काही द्यायला हरकत नाही. नवऱ्याला शर्टाचा पीस देऊन देऊन कंटाळा आला असेल तर त्याच्याही अडचणी बघा. फाटलेली, पावसात पाणी धरणारी स्कूटरची सीट नवी शिवून घ्या. हेल्मेटचा पट्टा तुटला असेल तर नवं घ्या. जून २०२१ पासून आयएसआय शिक्का नसलेलं हेल्मेट विकायला बंदी आहे, तेव्हा रस्त्याकडेला टांगलेलं स्वस्तातलं उचलू नका. त्याच्या वडिलांचं चावीचं घड्याळ ड्रॉवरमध्ये बंद पडलं असेल तर ते दुरुस्त करून आणा. वर्षानुवर्षं मित्रांत न बसलेल्या माणसाला एक रविवार मोकळा सोडा, आणि अध्येमध्ये फोन करू नका.

पहिली मागणी अशी, की भेट हातात घेतल्याबरोबर ‘कितीला पडली?’ असं विचारू नका आणि समोरच्या फ्लॅटमध्ये काय आलं ते त्या दिवशी तरी काढू नका. शेजारणीच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर सोन्याच्या पाटल्या, तोडे दिसतात, त्यांच्या हप्त्यांचं वेळापत्रक दिसत नाही.

दुसरी मागणी जरा अवघड आहे. ‘मला काही नको’ हे म्हणणं आता सोडा. बऱ्याचदा तुम्हाला काहीतरी हवं असतं, पण मागायला संकोच वाटतो. मग त्याला ते कळत नाही, त्याने आणलेलं तुम्हाला आवडत नाही आणि दोघंही गप्प बसता. हजार रुपयांत काय हवंय ते सरळ सांगा. मागितलेली वस्तू मिळाली म्हणून तिची गोडी कमी होत नाही.

आणि नवऱ्यांनो, बायकोने सांगितलं तर ‘मग त्यात सरप्राईज काय राहिलं?’ म्हणून नाराज होऊ नका. तिने सांगितलेलंच आणा, वर दहा ओळींचं पत्र लिहा. पुढच्या वर्षासाठी या पाडव्यापासून महिन्याला दोनशे रुपये बाजूला टाकायला लागा. बारा महिन्यांत २४०० होतात. तेवढ्यात या लेखातल्या बहुतेक गोष्टी बसतात, आणि वरखर्चाला कार्ड काढावं लागत नाही.